वाघाला पाय किती?

धुळ्याला मास्तर लोकांचा पंधरवड्याचा वर्ग भरला होता, तिथून आमचे हे जनावरांचं वेड घेऊन आले. त्याआधी माणूस बरा होता. शाळा, भाकरी, झोप. आणि ताटात काय वाढलंय ते न बघता जेवण. अशा नवऱ्याबरोबर संसार करायला फार अक्कल लागत नाही, आणि माझ्या आईच्या मते माझ्याकडे तेवढी होतीच.

ही छत्तीस सालची गोष्ट. आमचं बोरपाडा विसरवाडीपासून बैलगाडीने बरंच आत, नाल्याच्या काठाला बसलेलं. शाळा एकखोली, कौलारू. तिच्या मागच्या भिंतीला टेकून आमचं घर, मध्ये एक दार. वर्गात कोणी शिंकलं तर माझ्या चुलीला ऐकू यायचं. गावातले लोक घरी भिली बोलत आणि आमच्यासाठी त्यांनी थोडी अहिराणी जुळवून ठेवली होती. ती त्यांना पुरायची, मला नाही. मी रनाळ्याची, घरभर बहिणींत वाढलेली. दिवसभर तोंड चाललं नाही तर मला अन्न पचत नसे. इथे हक्काने बोलायला होती एक शेळी. तिचं नाव तांबडी. दूध काढताना मी तिला रोज सांगायची, "थांब वं माय, एक दिन आपन रनाळाले जासूत." ती कान हलवायची. तेवढाच आधार.

मला हवी होती एकच गोष्ट, रनाळ्याची बदली. तिथल्या शाळेतले एक मास्तर होळीनंतर निवृत्त होणार, असा माझ्या भावाचा निरोप आला होता. मी ह्यांच्या मागे लागून अर्ज लिहून घेतला आणि कोनाड्यात देवाजवळ ठेवला. थंडीत दिपोटीसाहेब शाळा तपासायला येणार होते. शाळा त्यांना पसंत पडली तर त्यांच्या एका शब्दावर काम होणार. नाही पडली तर बसा बोरपाड्यात शेळीशी बोलत.

आणि नेमकं ह्याच वर्षी ह्यांचं डोकं फिरलं.

सुरुवात झाली उखाच्या गायीपासून. वर्गाने पाट्यांवर गाय लिहिली होती: 'गाय हा उपयुक्त पशू आहे. गायीला चार पाय, दोन शिंगे व एक शेपूट असते.' सगळ्यांची गाय सारखीच, कारण पुस्तकातली गाय एकच. हे पाट्या बघत बघत उखापाशी आले.

"उखा, तुमच्या गायीला शिंगं किती रे?"

"एक, गुरुजी. दुसरं झाडमा अटकीसन तुटनं."

"मग इथे दोन कशी?"

"पुस्तकनी गायले दोन शेतस."

"अरे, पण तू दूध कुठल्या गायीचं पितोस?"

उखाने डोकं खाजवलं. "घरनी गायनं. पन परीक्षा पुस्तकनी गायनी ऱ्हास."

मी चुलीपाशी बसून हसले. पोरगं काही चुकीचं बोललं नव्हतं. ह्यांना मात्र हसू आलं नाही. ते त्या पाटीकडे बघत राहिले आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत नवा कायदा सुरू झाला. प्रत्येकाने एक जनावर धरायचं. त्याच्याजवळ बसायचं, बघायचं, आणि बघितलं तेवढंच लिहायचं. लिहिलेलं वाचून दाखवलं की बाकीच्या पोरांनी एकेका वाक्याला विचारायचं: कोणी पाहिलं? कधी पाहिलं? कुठे पाहिलं? उत्तर आलं तर वाक्य टिकलं. 'असं म्हणतात', 'सगळ्यांना माहीत आहे' असं काही उत्तर आलं की अख्खा वर्ग ओरडायचा, "पुसा!" मग थुंकी लावून पुसायचं. पहिल्या आठवड्यात पाट्यांवर अक्षरापेक्षा थुंकीच जास्त होती.

गावाला उपद्रव झाला. म्हशीमागे पोर, बैलामागे पोर, कोंबडीमागे दोन पोरं. रेवाबाई नावाची एक म्हातारी होती, भांडायला एकदम चोख. ती शाळेच्या दारात येऊन म्हणाली, "मास्तर, मन्ही कोंबडी आंडं देत नही. पोऱ्या टक लाईसन बठस, तिले लाज वाटस." ह्यांनी त्या पोराला हातभर अंतराऐवजी पलीकडच्या झाडाखाली बसायला सांगितलं. कोंबडीचं समाधान झालं असावं. रेवाबाईचं नाही झालं.

मग आले जेठमल शेठ. गावात दुकान एकच, शेठजींचं. त्यांचे वडील मारवाडातून आले, पण शेठजींचा जन्म इथलाच. त्यांच्या मांजरीवर एका पोराने लिहिलं होतं: 'शेठजींची मांजर गुळाच्या ढेपेवर झोपते. ढेपेला केस चिकटतात. केस पांढरे आहेत.' आता लोक गूळ घ्यायला आले की म्हणत, मांजरीखालचा नको.

"मास्तरजी," शेठजी म्हणाले, "बिल्ली काय माझीच झोपते? गावातली सगळी बिल्ली झोपते. मग माझ्याच बिल्लीचं सगळ्या गावाला वाचून का दाखवता?"

"शेठजी, त्यात एक शब्द खोटा आहे का?"

"खोटा असता तर मी इतक्या दूर चालत आलो असतो का?"

मी शेठजींना पाणी दिलं आणि मनातून त्यांचीच बाजू घेतली. दिपोटीसाहेबांपुढे ही थेरं निघाली तर रनाळं गेलंच म्हणून समजा. त्या संध्याकाळी मी ह्यांना भाकरी वाढली आणि ताटापाशीच बसून राहिले. एरवी मी बसत नाही, म्हणून ह्यांनी मान वर केली.

"एक दिवस," मी म्हटलं. "फक्त तपासणीच्या दिवशी पोरांना पुस्तकातली गाय लिहू द्या. मग वर्षभर मुंग्या मोजा, मी काही बोलले तर सांगा."

"अवं, ते खोटं लिहिणं झालं."

"माय भेटून दोन वर्षं झाली मला. तेही खोटं आहे का?"

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "गाय हा उपयुक्त पशू आहे," आणि सगळा वर्ग मागोमाग. उखाच्या गायीला दुसरं शिंग परत फुटलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला थोडा, पण पोरांचे आवाज असे काही उतरलेले होते की मी अंगणात जाऊन आंब्याला पाणी घालत बसले. आंबा म्हणजे वीतभर रोप. मागच्या उन्हाळ्यात भावाने रनाळ्याच्या आमच्या झाडाचे आंबे धाडले होते. खाऊन उरलेल्या कोयी टाकवेनात, म्हणून एक लावली. तांबडीचा रोपावर डोळा, म्हणून भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं.

दिपोटीसाहेब आले ते सकाळी, बैलगाडीतून उतरताना कंबर धरून. अंगाने भरलेले, काळा कोट, हातात छडी. त्यांची बडदास्त ठेवायला पोलीस पाटील डोंगरसिंग नवा फेटा बांधून हजर. पाटील रुबाबदार माणूस होता, फक्त थोडा लंगडत होता. साहेबांनी विचारलं, "पायाला काय झालं, पाटील?"

"चोरना मांगे पळनू साहेब. सरकारी काममा पडनू."

"शाबास," साहेब म्हणाले. मागे उभं असलेलं गाव एकदम खोकायला लागलं.

मी चहा केला. चहा पिताना साहेब खुलले आणि ह्यांना सांगू लागले की एकदा नवापूरच्या जंगलात त्यांच्या गाडीपुढे वाघ आला होता, इथून त्या फळ्याइतक्या अंतरावर. आपण नुसती नजर रोखली, वाघाने मान खाली घातली. पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती. मग साहेबांनी पाट्या घ्यायला सांगितलं.

"काय शिकवलंय मास्तर? गाय असेल."

"हो साहेब," हे म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

"गाय नको," साहेब म्हणाले. "प्रत्येक शाळेत गाय. मला आता झोपेतसुद्धा रवंथ ऐकू येते. आज वाघ लिहा."

दे माय धरणी ठाय! पुस्तकात वाघ नव्हता. पोरांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी काय करावं? ह्यांना खोटं सांगता येत नाही, पढवायला वेळ नाही. ते म्हणाले, "पाहिलं असेल तेवढंच लिहा." आणि पाट्यांवर लेखण्या खरखरू लागल्या. सगळ्यांच्या, एकदम, भराभर. मधल्या दाराआडून तो आवाज ऐकला आणि मला वाघबारस आठवली.

वाघबारस म्हणजे दिवाळीच्या तोंडावरचा सण. गुरांना वाघाने खाऊ नये म्हणून त्या दिवशी गुराखी वाघदेवाला नारळ-कोंबडं देतात. आणि गावातला एकजण वाघ होतो. अंगाला राख, त्यावर गेरूचे पट्टे, मागे सुंभाची शेपटी. तो घरोघर जाऊन धान्य मागतो, गुरगुरतो, मोहाची घेतो आणि शेवटी सगळे गुराखी त्याला काठ्या आपटत नाल्यापलीकडे पळवतात. वाघ गेला, वर्षभर गुरं सुखी. खरा वाघ डोंगरात असेल. पण त्याला जवळून पाहिलेलं पोर शाळेत यायला उरत नसावं. ह्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलेला वाघ हाच. आणि बोरपाड्याचा वाघ गेली कित्येक वर्षं एकच माणूस होत होता.

"वाच," साहेबांनी उखाला सांगितलं.

उखा उभा राहिला आणि शाळेच्या शुद्ध मराठीत, खणखणीत आवाजात वाचू लागला. "वाघाला दोन पाय असतात."

साहेबांनी चष्मा काढला. "किती?"

"दोन. वाघाची शेपटी सुंभाची असते. ती गाठ मारून बांधतात. वाघ विडी ओढतो. विडी विझली तर तो काडी मागतो. वाघाने रेवाबाईच्या दारी मका मागितला. रेवाबाई म्हणाली, मागच्या वर्षी दिला तोच अजून फेडला नाहीस. वाघ परत गेला."

"मास्तर!" साहेबांचा चेहरा लाल झाला. हे फळ्याला टेकून उभे, अंगात रक्त नसल्यासारखे.

"लोकांनी वाघाला पळवले," उखा वाचतच होता. "वाघ मोहाची पिऊन होता. तो नाल्यात पडला. त्याचा गुडघा फुटला. आता वाघ लंगडतो."

साहेब छडी आपटून ओरडले, "वाघ लंगडतो? कुठे पाहिलास रे असला वाघ?"

तिसरा प्रश्न. ह्याचं उत्तर द्यायचंच असतं, हे उखाला पाठ होतं. त्याने बोट केलं. "तो काय साहेब, दारमा उभा शे."

साहेबांची दाराकडे पाठ होती. नवापूरला वाघावर नजर रोखणारे साहेब पुढच्या क्षणी खुर्चीवर उभे होते. दौत सांडली, छडी कुठल्या कुठे गेली. दारात पाटील डोंगरसिंग, तोंडात विडी. तोही दचकून मागे वळला, कुठे आहे वाघ म्हणून बघायला. मागे रेवाबाईची कोंबडी होती. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने विडी विझवली, फेटा सारखा केला आणि सलाम ठोकला.

"साहेब, वाघ मीच शे."

साहेब खुर्चीवरून खाली बघत होते. "आणि तो चोर?"

पाटलाने कौलांकडे बघून विचार केला. "चोर नव्हता साहेब. नाला व्हता."

वर्गात कोणी हसलं नाही. हसण्यासारखं पोरांना काही वाटलंच नव्हतं, त्यांचं वाक्य टिकत होतं. उखाला मात्र एक शंका राहिली. त्याने मान वर करून खुर्चीवरच्या साहेबांना विचारलं, "साहेब, तुम्ही दखा तो वाघ बी लंगडे का?"

"अं? ते... तेव्हा अंधार होता."

"पुसा!" सगळा वर्ग सवयीने ओरडला.

आता संपलं, मी मनात म्हटलं. गेलं रनाळं. बदलीच झाली तर ह्याहून आतल्या रानात होईल, जिथे शेळीसुद्धा अहिराणी ऐकून घेणार नाही. साहेबांचा चेहरा थरथरायला लागला. मला वाटलं राग. पण ते पोट धरून खाली बसले आणि असे हसले की खुर्ची कुरकुरली. पाटील हसला, दारातलं गाव हसलं, शेवटी पोरंही हसली, का ते न कळता.

साहेबांनी डोळे पुसले. "मास्तर, शाळोशाळी 'वाघ हा हिंस्र पशू आहे' वाचून मला वाटायला लागलं होतं की मी एकच पाटी वर्षभर बघतोय. लंगडा वाघ आज पहिल्यांदा भेटला. तुमचं मागणं काय ते सांगा."

हे वाकून सांडलेली शाई पुसू लागले. स्वतःसाठी मागायला तोंड नको का उघडायला! पाटीलच म्हणाला, "मास्तरले रनाळाले जानं शे साहेब." हे वाक्य त्याने आवाज खाली करून, जड जीवाने म्हटलं. वाघ असला म्हणून काय झालं, मास्तर जाणार याचं वाईट त्यालाही वाटायचंच.

"रनाळे? तिथे जागा होतेच आहे. अर्ज द्या, मी आजच सही करतो." साहेब उठता उठता थांबले. "ही पोरगी राहिली की. तू नाही लिहिलास वाघ?"

फुली उभी राहिली. आठ-नऊ वर्षांची, रोज माझ्या अंगणातून शाळेत यायची आणि जाताना तांबडीच्या कानात काहीतरी सांगायची. "वाघबारसले मी मामाकडे व्हती," ती म्हणाली. "माले वाघ दिसना नही. म्हनीसन दखं ते लिखं."

"काय लिहिलंस?"

"बाईंची शेळी."

मी पदर तोंडाला लावला. फुलीने पाटी नाकाजवळ धरली. "बाईंची शेळी तांबडी आहे. तिचा एक कान फाटका आहे. बाई तिच्याशी रोज बोलतात. बाई म्हणतात, आपण रनाळ्याला जाऊ. शेळी कान हलवते. मग बाई आंब्याला पाणी घालतात. आंबा रनाळ्याचा आहे. बाईंनी तो इथे लावला. त्याला काट्यांचे कुंपण केले. बाई शेळीला मारत नाहीत. आंब्याला तोंड लावले तरच मारतात. आंब्याला फळ यायला खूप वर्षे लागतात."

"हे कोणी पाहिलं?" उखाने विचारलं. त्याला सोडवतच नव्हतं.

"मन्हा बा सांगस."

"पुसा!"

फुलीने बोटाला थुंकी लावली आणि शेवटची ओळ पुसली. बाकीचं तसंच राहिलं. मी दाराआड उभी होते आणि माझे डोळे भरून आले होते, ते काही धुराने नाही. दोन वर्षं मी ज्याला त्याला सांगत होते की मी इथली नाही. आईला निरोपांतून सांगत होते, ह्यांना ताटावर, शेळीला धारेवर. आणि रोज संध्याकाळी घागर घेऊन काय करत होते, ते एका पोरीने नुसतं बघितलं होतं. जाणारी बाई कोयी उकिरड्यावर टाकते. ती शेळीला मारून रोपटं राखत नाही.

"बाई, आणा तो अर्ज," साहेबांनी मधल्या दाराकडे बघून हाक दिली. ह्यांनीही बघितलं. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण चष्मा उगाच पुसत होते. मला माहीत आहे, ह्यांनी तो अर्ज फक्त माझ्यासाठी लिहिला होता.

मी आत गेले. कोनाड्यातून अर्ज घेतला, देवाला हात जोडले आणि मागच्या दाराने अंगणात उतरले. माझ्या आईचा आवाज कानात आला, तिला मी मनातल्या मनात सांगितलं, उन्हाळ्यात येईन, चार दिवस राहीन, मग तुझ्या त्या जुन्या झाडाची आणखी एक कोय देशील. मग मी परत वर्गाच्या दारात आले, रिकाम्या हाताने.

"साहेब," मी म्हटलं, "अर्ज शेळीने खाल्ला."

साहेबांच्या भुवया चढल्या. हे चष्मा पुसायचे थांबले. जागेवर उभ्या असलेल्या फुलीने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. कायदा म्हणजे कायदा, मग बाई का असेनात.

"कोणी पाहिलं?"

"मी."

"कधी पाहिलं?"

"आत्तेच."

"कुठे पाहिलं?"

"आंबाना कुंपनजोडे," मी म्हटलं. "मन्हाच हातवरना खादा तिनी."

फुलीने वळून वर्गाकडे बघितलं. कोणी 'पुसा' म्हणालं नाही. मग ती खाली बसली.